पकड सुटावी म्हणून : पीएच.डी.च्या तिसऱ्या पावसाळ्यातल्या नोंदी

२ जून २०२५

यंदा पाऊस मे संपायच्या आतच पुण्यात आला आणि लॅबमधला आर्द्रतेचा काटा ८० च्या खाली यायला तयार नाही. ग्लायकोसिलेशन करणाऱ्याला यापेक्षा वाईट बातमी नाही. साखरेच्या पहिल्या कार्बनवर अल्कोहोल जोडायचं असतं, आणि पाणी हे त्या कार्बनच्या लेखी आणखी एक अल्कोहोलच. जे आधी पोचेल ते बसतं. म्हणून मॉलिक्युलर सीव्ह्ज (पाणी शोषून घेणारे खडे) काल रात्रीच ओव्हनमध्ये टाकल्या होत्या. आज सकाळी फ्लास्कमध्ये भरून व्हॅक्यूम लावून हीट गननं पुन्हा तापवल्या. डायक्लोरोमिथेन ताजं डिस्टिल केलं.

नवी वही आहे, म्हणून काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांत चारांपैकी तीन किंवा त्याहून जास्त वेळा ई. कोलाय सापडतो. हा जिवाणू मूत्राशयात नुसता तरंगत राहिला तर लघवीबरोबर वाहून जाईल. तो जात नाही, कारण त्याच्या अंगावर शेकडो केसांसारखे तंतू असतात, प्रत्येक तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं आणि त्या प्रथिनात मॅनोज या साखरेच्या मापाचा खिसा असतो. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर युरोप्लाकिन १ए हे प्रथिन मॅनोजच्या साखळ्या अंगावर घेऊन बसलेलं असतं. खिशात मॅनोज अडकलं की जिवाणूनं पाय रोवले. तो खिसा आधीच दुसऱ्या कशानं तरी भरून टाकायचा, हे माझं काम. जिवाणू मारायचा नाही. त्याला धरायला काही मिळू द्यायचं नाही.

मॅनोज आपल्याला परकं नाही. गवारीच्या बियांच्या गमात आणि भिजवलेल्या मेथीच्या बुळबुळीतपणात मॅनोजच्याच लांब साखळ्या असतात, बाजूला गॅलॅक्टोज लटकवलेल्या.

५ जून

मॅनोजच्या टेट्राॲसिटेटचं (चार हायड्रॉक्सिलांवर ॲसिटेटची झाकणं) ट्रायक्लोरोॲसिटिमिडेट (पहिल्या कार्बनवर सहज सुटणारा गट; पुढे नुसतं ‘इमिडेट’) तयार आहे. आज हेप्टॅनॉलबरोबर (सात कार्बनचं अल्कोहोल) रिॲक्शन लावली. उणे २० अंश, रिॲक्शन चालू करणाऱ्या आम्लाचे, बीएफ३ इथरेटचे, दोन थेंब. बाटली जुनी आहे, आतला द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा झालाय, पण मागवलेली नवी अजून आलेली नाही.

रिॲक्शन कुठवर आली ते टीएलसी प्लेटवर, म्हणजे सिलिका लावलेल्या पट्टीवर, ठिपक्यांवरून कळतं. साखरेची प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली तर कोरी दिसते, कारण तो प्रकाश शोषणारं तिच्यात काही नसतं. म्हणून प्लेट सल्फ्युरिक आम्लाच्या १० टक्के द्रावणात बुडवायची आणि हीट गन मारायची. पांढऱ्या सिलिकावर आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळा ठिपका उमटतो, तव्यावर सांडलेली साखर करपते तसा. तिसरं वर्ष चालू आहे, तरी हा क्षण मला अजून आवडतो. अर्ध्या तासात इमिडेटचा ठिपका गेला आणि नवा, गोल, एकटा ठिपका आला. ट्रायइथाइलअमाइन घालून रिॲक्शन थांबवली. कॉलम उद्या.

९ जून

कॉलम (सिलिकाच्या नळीतून शुद्धीकरण) झाला. ७२ टक्के हाती आलं. एनएमआर आला (रेणूतला कुठला अणू कुठे बसलाय ते सांगणारा आलेख; आकडे पीपीएममध्ये). ॲसिटेटचे तीन सिग्नल २.० ते २.२ च्या मध्ये, चौथा १.७ वर. पहिल्या कार्बनवरचा प्रोटॉन ५.४७ वर. हेप्टिलची साखळी स्वच्छ दिसते, वस्तुमान जुळतं. १.७ वरचा सिग्नल ओलाव्याचा असणार असं धरून पुढे जाते आहे.

१३ जून

ॲसिटेट काढायला झेम्पलेनची नेहमीची पद्धत: मेथॅनॉल, चिमूटभर सोडियम मेथॉक्साइड, दोन तास. मग आम्लाच्या रेझिनचे मणी टाकून उदासीन करायचं. काल संध्याकाळी मणी टाकले आणि सेमिनारला गेले. ते रात्रभर फ्लास्कमध्येच राहिले. आज सकाळी गाळून रोटावॅपला (द्रावक उडवणाऱ्या यंत्राला) लावलं आणि फ्लास्क काढताना हेप्टॅनॉलचा वास आला. तेलकट, जरा हिरवट, ओळखीचा.

साखरेला बांधलेल्या हेप्टॅनॉलला वास यायला नको. प्लेटवर ठिपका थेट तळाशी, नुसत्या मॅनोजच्या शेजारी. आठ दिवसांचं काम पुन्हा सुरुवातीला आलं.

१४ जून

रात्री झोप नव्हती, पण उत्तर सापडलं. ते ९ तारखेलाच समोर होतं.

मॅनोजच्या दुसऱ्या कार्बनवरचं ॲसिटेट नुसतं झाकण म्हणून बसलेलं नसतं. इमिडेट सुटला की तेच ॲसिटेट वाकून पहिल्या कार्बनला हात देतं आणि वरची बाजू अडवून धरतं. मग अल्कोहोलला खालूनच यावं लागतं आणि आपल्याला हवा असलेला अल्फा जोड मिळतो (वरून आलं तर बीटा). हे पुस्तकातलं. पण त्या वाकलेल्या अवस्थेत धन प्रभार दोन ठिकाणी वाटलेला असतो: साखरेच्या पहिल्या कार्बनवर, आणि हात देणाऱ्या ॲसिटेटच्या मधल्या कार्बनवर. अल्कोहोल दुसऱ्या जागी बसलं तर ऑर्थोएस्टर होतो. पाहुणा घरात यायच्या ऐवजी ओसरीवरच टेकला, असं ते. वस्तुमान तेच, प्लेटवर जवळपास तीच उंची. फरक फक्त एनएमआर सांगतो: त्या ॲसिटेटचा मिथाइल २ च्या वर न राहता १.७ वर सरकतो आणि कार्बन स्पेक्ट्रममध्ये १२४ च्या आसपास एक एकटा सिग्नल येतो. कार्बन स्पेक्ट्रम मी काढलाच नव्हता. आज काढला. १२४.१.

ऑर्थोएस्टर अल्कलीत टिकतो, आम्लात मोडतो. म्हणून मेथॉक्साइडमध्ये सगळं शांत होतं आणि मण्यांनी रात्रभरात त्याला सोडवलं.

कारणही उघड आहे. बीएफ३ची जुनी, ओलावा पिऊन अर्धी मेलेली बाटली, त्यातले दोनच थेंब, थंडी, आणि ठिपका गेल्याबरोबर घाईनं थांबवलेली रिॲक्शन. आम्ल पुरेसं असतं आणि वेळ दिला असता तर ओसरीवरचा पाहुणा आपोआप आत आला असता. ऑर्थोएस्टर बहुतेक वेळा आधी होतो आणि मग ग्लायकोसाइडकडे, म्हणजे हव्या त्या जोडाकडे, सरकतो. मॅडमना (माझ्या गाइडना) स्पेक्ट्रम दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, १.७ दिसल्यावर कधीही पुढे जायचं नाही.” वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

सिनियरचा सल्ला: पुढच्या साखरेला ॲसिटाइलऐवजी बेंझॉइल लाव, ते झाकण ओसरीवर फारसं बसू देत नाही. पटलं.

२१ जून

पालख्या शहरात मुक्कामाला आहेत, रस्ते बंद, लॅबमध्ये आम्ही तिघीच. शांतता होती म्हणून काम नीट झालं. या वेळी बीएफ३ऐवजी टीएमएस ट्रायफ्लेटची नवी कुपी, उणे २० ला सुरुवात करून हळूहळू शून्यावर आणलं. दर वीस मिनिटांनी थोडंसं काढून एनएमआरला दिलं, कारण प्लेट फसवते हे कळून चुकलं आहे. पहिल्या नमुन्यात १.७ वर छोटा सिग्नल, दुसऱ्यात निम्मा, चौथ्यात नाही. डोळ्यांसमोर पाहुणा उंबरा ओलांडून आत आला.

ॲनोमेरिक, म्हणजे पहिल्या कार्बनवरचा, प्रोटॉन आता ४.८० वर, कपलिंग (शेजारच्या प्रोटॉनशी असलेल्या दुव्याचा आकडा) दीड हर्ट्झ. पण मॅनोजच्या बाबतीत यावर विसंबता येत नाही. ग्लुकोजमध्ये अल्फा-बीटा हे कपलिंगवरून एका नजरेत कळतं; मॅनोजमध्ये दुसऱ्या कार्बनवरचा प्रोटॉन आडवा पडलेला असल्यामुळे दोन्हीकडे आकडा लहानच येतो. म्हणून कार्बन आणि त्याच्यावरच्या प्रोटॉनमधलं थेट कपलिंग मोजलं. अल्फाला साधारण १७० हर्ट्झ, बीटाला १६०. माझं १७०. अल्फा.

३० जून

ॲसिटेट काढली. मणी पंधरा मिनिटांत गाळले. हेप्टिल मॅनोसाइडचं (मॅनोजला जोडलेलं हेप्टॅनॉल) एक टोक पाण्याचं, दुसरं तेलाचं, म्हणजे तो साबणाचाच भाऊ. रोटावॅपवर व्हॅक्यूम लावताच फ्लास्कभर फेस चढला आणि नळीपर्यंत आला. व्हॅक्यूम सोडायचा, फेस बसू द्यायचा, परत लावायचा. दीड तास हेच. शेवटी फ्रीज-ड्राय केलं. पांढरी, मऊ, शेवरीच्या कापसासारखी भुकटी. २१० मिलिग्रॅम.

या रेणूची मूळ गोष्ट मला फार प्रिय आहे. फिमएचच्या खिशाचे स्फटिक काढताना २००५ मध्ये बेल्जियममधल्या जूली बुकार्ट आणि सहकाऱ्यांना तिथे ब्यूटिल मॅनोसाइड आधीच बसलेलं दिसलं. त्यांनी ते मुद्दाम घातलेलं नव्हतं. त्यांनी ती खूण टाकून दिली नाही, शेपटी एकेक कार्बननं वाढवत नेली आणि सात कार्बनवर पकड सर्वांत घट्ट निघाली. खिशाच्या तोंडाशी टायरोसिन या अमिनो आम्लाचे दोन तुकडे उभे आहेत, ४८ आणि १३७, दाराच्या दोन फळ्यांसारखे. तेलकट शेपटी त्यांच्या मधून बाहेर येताना दोघांना चिकटते. नुसत्या मॅनोजची पकड २.३ मायक्रोमोलर, हेप्टिलची ५ नॅनोमोलर (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). साडेचारशे पटींच्या वर. आणि ग्लुकोज, ज्यात मॅनोजपेक्षा एकाच ऑक्सिजनची दिशा वेगळी आहे, तो सुमारे ९ मिलिमोलर, म्हणजे मॅनोजच्या चार हजार पट ढिला. एक हायड्रॉक्सिल वर की बाजूला, एवढ्यावर जिवाणू धरतो किंवा सोडतो.

८ जुलै

मावशीचा फोन. यंदाची तिसरी खेप. जळजळ, थंडी वाजून ताप. व्हॉट्सॲपवर कल्चरचा रिपोर्ट पाठवला: ई. कोलाय. खाली औषधांची यादी, समोर ‘आर’ म्हणजे जिवाणू दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. सेफिक्झिम आर. कोट्रायमोक्साझोल आर. नायट्रोफ्युरँटॉइन एस. मी हा रिपोर्ट बराच वेळ बघत बसले. वर्षानुवर्षं प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘प्रतिजैविकांना वाढता प्रतिरोध’ असं लिहिते आहे. तो आज मावशीच्या नावासकट समोर आला.

मग म्हणाली, “अगं, तुझी ती साखर मेडिकलात मिळते म्हणे, डब्यात. घेऊ का?” आणि लगेच, “नाहीतर मेथीच भिजवून खाते. तूच म्हणालीस ना, तिच्यात आहे?”

मेथीचं लगेच सांगितलं: त्या साखळ्या आपल्या पोटात तुटत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या खातात, मूत्राशयापर्यंत काही येत नाही. डब्याबद्दल म्हटलं, दोन दिवस दे, वाचून सांगते. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र पुरं कर, बरं वाटलं तरी.

१० जुलै

वाचलं. आधीही वाचलं होतं, पण या वेळी मावशीला सांगायचं आहे म्हणून वाचलं, आणि ते वाचणं वेगळं असतं.

२०१४ मध्ये क्रोएशियातल्या ३०८ स्त्रियांवरची चाचणी आशा वाढवणारी होती: सहा महिन्यांत काहीच न घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के जणींना पुन्हा संसर्ग झाला, मॅनोज घेणाऱ्यांपैकी १५ टक्के जणींना. पण आपण काय घेतोय हे त्या स्त्रियांना माहीत होतं. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ९९ दवाखान्यांतून ५९८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत कोणालाच माहीत नव्हतं. अर्ध्या जणींना रोज २ ग्रॅम मॅनोज, अर्ध्यांना तशीच दिसणारी फ्रुक्टोज. सहा महिन्यांत पुन्हा तक्रार घेऊन आलेल्या: मॅनोजवाल्या ५१ टक्के, दुसऱ्या ५५.७ टक्के. हा फरक धरण्याजोगा नाही.

हे वाचून मला वाईट वाटलं नाही. माझ्या मते कल्पना खोटी ठरली नाही, पकड कमी पडली. मायक्रोमोलर पकडीचा रेणू, सतत भरणारं आणि रिकामं होणारं मूत्राशय, आणि समोर अस्तरावर घट्ट रोवलेल्या मॅनोजच्या हजारो साखळ्या. १९७९ मध्ये मिथाइल मॅनोसाइडनं उंदरांमधला संसर्ग अडला होता, पण तिथे ते जिवाणूंबरोबरच थेट मूत्राशयात घातलेलं होतं. डब्यातली साखर तोंडावाटे जाते.

मावशीला फोन केला. सांगितलं, डबा घेऊ नकोस, पैसे वाचव. दुसरी चाचणी सांगितली: २०१८ मधली, वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया, पाळी चालू असलेल्या. त्यांतल्या अर्ध्या जणी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्या आणि वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. मावशी ४४ ची आहे, म्हणजे ही चाचणी तिच्यासारख्यांचीच.

ती थोडा वेळ गप्प राहिली. “पाणी पिईन गं. पण जाऊ कुठं?”

ती आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. पहाटे पाचला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. बाजारात बायकांसाठी सोय नाही. पुरुष भिंतीकडे तोंड करतात. म्हणून ती सकाळी चहा पिते आणि मग थेट घरी आल्यावर पाणी. माझ्या प्रबंधात या चौदा तासांना कुठे जागा आहे ते मला सांगता येईना. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणत याच गोष्टीसाठी चळवळ चालवली आहे. जिवाणूला वाहून नेणारी धार ही पहिली औषधयोजना आहे, आणि ती मावशीच्या हातात नाही.

२४ जुलै

तीन दिवस फुकट. माझा रेणू पकड सोडवतो का ते बघायची चाचणी सोपी आहे: बेकरीत वापरतात ते सुकं यीस्ट पाण्यात कालवायचं. यीस्टच्या भिंतीवर मॅनोजच मॅनोज. त्यात तंतूवाले ई. कोलाय मिसळले की एकेक जिवाणू दोन-दोन यीस्ट धरतो आणि गुठळ्या होतात. आमच्या होत नव्हत्या. स्लाइडवर दूध ते दूधच.

कारण आज कळलं. एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं कल्चर शेकरवर ठेवलं होतं, सगळेच ठेवतात तसं. पण तंतू घडवणाऱ्या फिम जनुकांपुढे डीएनएचा ३१४ बेसजोड्यांचा एक तुकडा असतो, तो उलटसुलट फिरतो. एका दिशेला तंतू चालू, दुसऱ्या दिशेला बंद. न हलवता, ३७ अंशांवर, शांत रसात दोन दिवस वाढवलं तर ‘चालू’वाले पुढे येतात. हलवलं तर मागे पडतात. तिची चूक नाही, मी सांगायला हवं होतं. आज दोघींनी मिळून फ्लास्क इनक्युबेटरच्या खालच्या फळीवर ठेवले, दारावर चिठ्ठी लावली: हलवू नये.

२८ जुलै

झालं! थेंबात थेंब मिसळला, स्लाइड हातानं हळू डोलवली, आणि पंधरा-वीस सेकंदांत तो पांढरा थेंब नासलेल्या दुधासारखा फाटला. मध्ये स्वच्छ पाणी, कडेला कण. विद्यार्थिनी म्हणाली, “ताई, हे डोळ्यांनी दिसतं!” हो, दिसतं. जिवाणूची पकड अशी नुसत्या डोळ्यांनी दिसणं हे मला दर वेळी नवलाचं वाटतं.

मग ट्रेच्या खड्ड्यांतून मिथाइल मॅनोसाइड आणि हेप्टिल, दर खड्ड्याला निम्मं पातळ करत. मिथाइल जिथे हरलं तिथून पुढे सहा खड्डे हेप्टिलनं दूध फाटू दिलं नाही. सहा खड्डे म्हणजे ६४ पट. तीनदा केलं, एखाद्या खड्ड्याच्या फरकानं तेच. हेप्टिल गॅलॅक्टोसाइड (शेपटी तीच, साखर गॅलॅक्टोज) पहिल्या खड्ड्यातही निकामी, म्हणजे साबणपणामुळे हे होत नाही.

६४, साडेचारशेच्या जवळपास नाही. यात मला गडबड वाटत नाही. ते आकडे एका सुट्या खिशाचे आहेत. इथे एका जिवाणूचे शेकडो हात आणि यीस्टच्या भिंतीवर न संपणारी साखर. त्यातले बहुतेक खिसे भरल्याशिवाय गुठळी सुटत नाही.

२० ऑगस्ट

ग्रुप मीटिंग. मॅडमचे दोन प्रश्न, दोन्ही खोल.

पहिला: मूत्राशयात धार असते, तुझ्या ट्रेमध्ये नाही. फिमएचची पकड ओढ लागली की वाढते. २००२ मध्ये वेंडी थॉमस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की प्रवाहाचा जोर वाढवला तर जिवाणू सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतात. फासाच्या गाठीसारखं, ओढावं तशी आवळते. म्हणजे माझी चाचणी ढिल्या गाठीवर आहे. प्रवाहातली चाचणी करावी लागेल. शेजारच्या विभागात तसा सेटअप आहे, विचारते.

दुसरा: लघवीत आधीपासून युरोमोड्युलिन आहे. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये वेगळं केलेलं हे प्रथिन, लघवीत सर्वांत जास्त सापडणारं. त्याच्या लांब धाग्यांवर मॅनोजच्या साखळ्या लटकतात, जिवाणू त्यांना धरतो आणि धाग्यासकट बाहेर जातो. म्हणजे मी जे करू बघते आहे ते मूत्रपिंड कधीपासून करतंय. प्रश्न असा: माझ्या रेणूनं खिसा भरला तर जिवाणू अस्तर सोडेल, पण तो युरोमोड्युलिनही सोडेल. फायदा-तोटा कुठे जाईल? उत्तर सुचलं नाही आणि मी तसं सांगितलं. पुढच्या चाचण्या पाण्यात न करता लघवीत करायच्या, एवढं ठरलं.

१२ सप्टेंबर

गणपतीनंतर काम परत रुळावर. बेंझॉइलवाली साखर, या वेळी शेपटीऐवजी बायफिनाइल (जोडलेली दोन बेंझिन कडी) जोडायचं. ऑर्थोएस्टर नाही. कार्बन स्पेक्ट्रम आधी, आनंद नंतर.

७ ऑक्टोबर

बायफिनाइल मॅनोसाइड हाती आलं. ट्रेमध्ये हेप्टिलपेक्षा एक खड्डा पुढे. एका खड्ड्याला मी काही म्हणत नाही. पण हा फेसाळत नाही, आणि हेप्टिलसारखा पेशींच्या पडद्यात घुसायची धास्तीही कमी. अडचण दुसरी आहे: पाण्यात जेमतेम विरघळतो, आणि ऑक्सिजनमधून जोडलेली साखर पोटातून जाताना तुटू शकते. त्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन घातलेले मॅनोसाइड अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या गटानं बनवले आहेत. त्यांच्या कामातून निघालेला जीएसके या औषध कंपनीचा एक रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. रस्ता आहे. लांब आहे.

मावशीचा मेसेज. बाजाराला लागून असलेल्या एका शिंप्याच्या घरी तिची आणि आणखी चौघींची सोय झाली आहे, महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये. सोबत फोटो: भाजीच्या पाटीशेजारी दोन लिटरची बाटली, अर्धी रिकामी. ऑगस्टपासून त्रास नाही. दोन महिने म्हणजे काहीच नाही हे मला माहीत आहे, तरी फोटो दोनदा उघडून पाहिला.

उद्या: सीव्ह्ज रात्रीच ओव्हनमध्ये. ट्रायफ्लेटची नवी कुपी. प्रवाहाच्या सेटअपची वेळ गुरुवारी दुपारी. कल्चर आजच ठेवलं आहे, न हलवता.